पावसाळ्यात पट्टीने किती लोखंड गमावलं? गंज, उष्णता आणि ज्वलन यांनी होणारी वजनघट मोजण्याची रीत

कोकण किनाऱ्यावरच्या कॉलेजांतून आणि छोट्या वर्कशॉपमधून गंजाचे प्रकल्प दर वर्षी होतात. त्यांतल्या बऱ्याच वह्यांत एक विचित्र नोंद सापडते: पावसाळाभर वाऱ्यावर टांगलेल्या लोखंडी पट्टीचं वजन वाढलं. काटा खोटं बोलत नाही. गंज म्हणजे लोखंडाला चिकटलेला ऑक्सिजन आणि पाणी, त्यामुळे गंजासकट वजन केलं तर ते वाढलेलंच दिसणार. आपल्याला मोजायचं असतं ते उरलेलं लोखंड, आणि त्यासाठी गंज पूर्ण उतरवावा लागतो, तोही खालच्या धातूला धक्का न लावता. या मोजणीतल्या बहुतेक चुका काट्यावर होत नाहीत. त्या पहिल्या वजनाच्या आधी आणि शेवटच्या वजनाच्या आधी होतात. म्हणून या लेखात जास्त जागा तयारीला आणि साफसफाईला दिली आहे.

सुरुवातीआधी ठरवायच्या गोष्टी

तुम्हाला नक्की काय हवंय ते आधी लिहून काढा. छपराच्या पत्र्याचं आयुष्य, जेटीवरच्या लोखंडाची झीज आणि पाण्याखालची झीज या तिन्हींसाठी पट्ट्या वेगवेगळ्या जागी लागतात. एका जागेचा आकडा दुसऱ्या जागेला लावता येत नाही.

काटा किमान ०.००१ ग्रॅम दाखवणारा हवा. सराफाचा ०.०१ ग्रॅमचा काटा साध्या लोखंडाच्या चार महिन्यांच्या मोजणीला चालून जातो, महिन्याभराच्या मोजणीला अपुरा पडतो. ॲल्युमिनियमसाठी तो अजिबात घेऊ नका. हवेत टांगलेल्या छोट्या ॲल्युमिनियम पट्टीची वर्षभराची घटही मिलिग्रॅममध्येच असते.

एका जागेसाठी १२ पट्ट्या धरा. महिन्याने ३, चार महिन्यांनी ३ आणि वर्षाने ३ काढायच्या. उरलेल्या ३ कोऱ्या, म्हणजे कधीच बाहेर न लावलेल्या. लोक सर्वांत आधी कोऱ्या पट्ट्यांवरच काट मारतात, आणि नेमकं तिथेच सगळं काम वाया जातं. कारण टप्पा ४ मध्ये कळेल.

टप्पा १: पट्ट्या तयार करणं

१. सगळ्या पट्ट्या एकाच पत्र्यातून कापा. दुकानात शक्यतो सीआर (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेली) शीट मागा. एचआर (हॉट रोल्ड, गरम लाटलेल्या) पत्र्यावर भट्टीतली काळी खपली असते. ती तशीच राहिली तर पावसात ती सुटून पडते आणि तिचं वजन लोखंडाच्या घटीत मोजलं जातं. एचआरच मिळाला तर खपली घासून पूर्ण काढा, पृष्ठभाग सगळीकडे एकसारखा करडा दिसेपर्यंत.

२. ७५ × ५० मि.मी., जाडी २ मि.मी. हे माप हाताळायला सोपं. वरच्या कडेजवळ ६ मि.मी.चं भोक पाडा.

३. कडांची कुसं कानशीने काढा. मग १२० नंबरचा आणि त्यानंतर २४० नंबरचा पॉलिश पेपर मारा. ॲल्युमिनियमला वापरलेला कागद लोखंडाला वापरू नका.

४. नंबर ठोकून घाला. मार्करने लिहिलेला नंबर श्रावणापर्यंत टिकत नाही, आणि टिकला तरी आम्लात जातो.

ही चारही कामं पहिल्या वजनाच्या आधी झाली पाहिजेत. वजन झाल्यावर भोक पाडलं किंवा नंबर ठोकला तर ते वजन रद्द समजा आणि पुन्हा करा.

टप्पा २: पहिलं वजन आणि क्षेत्रफळ

पट्टी ॲसिटोनने पुसा, नव्या फडक्याने पुन्हा पुसा आणि ड्रायरच्या गरम वाऱ्यावर लगेच वाळवा. इथून पुढे उघड्या बोटांनी धरायचं नाही. हातमोजे किंवा चिमटा वापरा. घामातल्या मिठाने बोटांचे ठसे जसेच्या तसे गंजतात.

वाळवलेली पट्टी डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारं सिलिका जेल ठेवलेल्या हवाबंद भांड्यात) ठेवून थंड होऊ द्या आणि मगच काट्यावर घ्या. किनाऱ्यावरच्या हवेत घासलेलं लोखंड टेबलावर उघडं ठेवून जेवायला जाऊ नये. परत येईपर्यंत त्यावर तांबूस झाक आलेली असते.

*तपासा:* डेसिकेटरमधलं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी, किंवा नारिंगी प्रकारचं असेल तर हिरवट झालं असेल, तर त्याला ओल लागली आहे. पावसाळ्यात हे फार लवकर होतं. ओव्हनमध्ये तापवून रंग परत आणा. झाकणाच्या कडेचं ग्रीसही पाहून घ्या.

काटा अर्धा तास आधी चालू करा, त्यावरचा पाण्याचा बुडबुडा मध्यावर आणा, माहितीचं वजन ठेवून खात्री करा आणि पंखा बंद करा. प्रत्येक पट्टीचं वजन तीनदा घ्या. तिन्ही आकडे एक-दोन मिलिग्रॅममध्ये जुळायला हवेत.

क्षेत्रफळासाठी व्हर्नियरने लांबी, रुंदी आणि जाडी मोजा. वरच्या मापाच्या पट्टीच्या सहाही बाजू मिळून ८०.० चौ.सेंमी होतात. भोकामुळे दोन्ही तोंडांवरचं मिळून ०.५७ चौ.सेंमी कमी होतं आणि भोकाच्या आतल्या भिंतीचं ०.३८ वाढतं. उरलं ७९.८ चौ.सेंमी. फक्त पुढची बाजू धरून ३७.५ लिहिणारे पुष्कळ असतात, आणि मग त्यांचा गंजाचा वेग दुपटीहून जास्त निघतो.

टप्पा ३: पट्ट्या लावणं

चौकट पीव्हीसी पाइपची किंवा चांगल्या लाकडाची करा. बोल्ट आणि वॉशर नायलॉनचे घ्या. पट्टी आडव्याशी ४५ अंशांत, समुद्राकडे तोंड करून, जमिनीपासून किमान मीटरभर उंच लावा. खाली लावली तर मुसळधार पावसात जांभ्याची तांबडी माती उडून पट्टीवर बसते, आणि गंज कोणता व माती कोणती हे ओळखता येत नाही.

*सावधान:* पट्टी जीआय तारेने बांधू नका. तारेवरचं जस्त आधी झिजतं आणि आजूबाजूचं लोखंड वाचवतं, म्हणजे घट खोटीच कमी दिसते. तांब्याच्या तारेने किंवा स्टेनलेसच्या बोल्टने याच्या उलट होतं, लोखंड जास्त वेगाने जातं. होड्यांना जस्ताचे ठोकळे लावतात ते याच नियमाने, पण मोजणीत हा नियम घुसू द्यायचा नाही. तंगुसाने टांगलेली पट्टी वाऱ्यात शेजारच्या पट्टीवर आपटते, म्हणून तेही नको.

जागा निवडताना एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. उघड्यावरच्या पट्टीवर पाऊस पडतो, म्हणून तीच जास्त गंजणार असं गृहीत धरलं जातं. पण पाऊस मीठही धुऊन नेतो. पडवीच्या आत, पागोळ्यांच्या मागे लावलेल्या पट्टीवर खारा वारा मीठ आणून टाकतो आणि ते तिथेच साचतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवा दिवसेंदिवस त्याहून दमट असते. त्यामुळे आडोशाची पट्टी कधी कधी उघड्यावरच्या पट्टीला मागे टाकते. जमल्यास दोन्हीकडे लावा. कौलाखालचे खिळे, ग्रिलच्या आतल्या बाजू आणि पत्र्याची खालची अंगं का आधी जातात ते तुमच्याच आकड्यांत दिसेल.

पट्टी लावल्याची तारीख आणि तास लिहा. जूनमध्ये सुरू केलेलं वर्ष आणि नोव्हेंबरमध्ये सुरू केलेलं वर्ष सारखं नसतं. कोरड्या दिवसांत आधी बसलेला गंजाचा थर पुढच्या पावसाळ्यातला वेग बदलतो.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात लावणार असाल तर चौकट उधाणाचा आणि लाटांचा मार सोसेल अशी बांधा. आणि जेटीवर काम करणाऱ्यांना सांगून ठेवा, नाहीतर नांगराच्या दोरात पट्ट्या जातात.

टप्पा ४: गंज उतरवणं

खरी मोजणी होते ती या टप्प्यात.

१. काढलेल्या पट्टीचे दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. पुढे शंका आली की हेच कामाला येतात.

२. सुटा गंज, आणि पाण्यातली पट्टी असेल तर तिच्यावरची शिंपल्यांची कवचं, प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडा. सुरी, कानस, तारेचा ब्रश वर्ज्य. पॉलिश पेपर तर मुळीच नको, तो लोखंडही नेतो.

३. डिस्टिल्ड पाण्याने धुवा. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी पुष्कळदा मचूळ असतं, त्याने धुतलं तर मीठ काढण्याऐवजी तुम्ही मीठ चढवता. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून बघा. पांढुरका गढूळपणा आला तर अजून धुवा.

४. द्रावण: ५०० मि.ली. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, ३.५ ग्रॅम हेक्झामिन, आणि एकूण १ लिटर होईल इतकं डिस्टिल्ड पाणी. आधी पाणी, मग त्यात हळूहळू आम्ल. आम्लाचा हल्ला गंजावर व्हावा आणि लोखंडावर कमी व्हावा यासाठी हेक्झामिन असतं. ते न घालता नुसत्या आम्लात पट्टी बुडवणं ही प्रकल्पांमधली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

५. पट्टी साधारण २०-२५ अंश सेल्सिअसच्या द्रावणात १० मिनिटं ठेवा. बाहेर काढून मऊ ब्रशने घासा, पाण्याने आणि मग स्पिरिटने धुवा, गरम वाऱ्यावर वाळवा, डेसिकेटरमध्ये थंड करा, वजन करा.

६. हीच फेरी पुन्हा करा. मग पुन्हा. प्रत्येक फेरीत एक कोरी पट्टीही सोबत बुडवा आणि तिचंही वजन लिहीत चला.

*सावधान:* हे काम फ्यूम हूडखाली (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) किंवा उघड्या हवेत करा, डोळ्यांना चष्मा आणि हाताला रबरी मोजे घालून. आम्लाजवळ ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच असलेलं कुठलंही क्लीनर येता कामा नये. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. शाळेत करायचं असेल तर आम्ल टाळा. लिटरभर द्रावणात २०० ग्रॅम डायअमोनियम सायट्रेट घ्या, ७५ ते ९० अंशांवर २० मिनिटं ठेवा, तेही गंज उतरवतं.

थांबायचं कधी? पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत घट भराभर वाढते, कारण गंज निघत असतो. मग ती मंदावते. एका फेरीतली घट कोऱ्या पट्टीच्या एका फेरीतल्या घटीइतकी झाली की गंज संपला, आता आम्ल फक्त लोखंड खातंय. तिथे थांबा.

कोऱ्या पट्टीने त्या सगळ्या फेऱ्यांत जेवढं वजन गमावलं तेवढं तुमच्या पट्टीच्या घटीतून वजा करा. दुसरी रीत आलेखाची: आडव्या अक्षावर फेऱ्या, उभ्यावर एकूण घट मांडा, शेवटची मंद रेषा मागे शून्य फेरीपर्यंत ओढा आणि तिथला आकडा घ्या. दोन्हींपैकी एकच रीत वापरा. दोन्ही लावल्या तर दुरुस्ती दोनदा होते. माझा कल कोऱ्या पट्टीकडे आहे, कारण रेषा कुठे मंदावली याबद्दल दोन माणसांचं सहसा एकमत होत नाही.

वापरलेलं द्रावण खाडीत, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकून फेस यायचा थांबेपर्यंत त्यातलं आम्ल मारा, आणि मग तुमच्या प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे विल्हेवाट लावा.

टप्पा ५: आकडेमोड

समजा पहिलं वजन ५८.४१२ ग्रॅम, साफ केल्यावर ५६.५३० ग्रॅम. फरक १.८८२. कोऱ्या पट्टीची घट ०.०१२. खरी घट १.८७० ग्रॅम, म्हणजे १८७० मिलिग्रॅम. पट्टी १२२ दिवस, म्हणजे २९२८ तास बाहेर होती.

गंजाचा वेग (मि.मी. प्रतिवर्ष) = ८७.६ × घट मिलिग्रॅममध्ये ÷ (घनता × क्षेत्रफळ चौ.सेंमीमध्ये × तास)

लोखंडी पत्र्याची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंमी धरली तर

८७.६ × १८७० ÷ (७.८५ × ७९.८ × २९२८) = ०.०८९ मि.मी. प्रतिवर्ष, म्हणजे ८९ मायक्रॉन.

*तपासा:* उत्तर हजारपट लहान आलं तर घट ग्रॅममध्ये घातली गेली आहे. तासांऐवजी दिवस घातले तर ते २४ पट मोठं येतं. जस्तासाठी घनता ७.१४ आणि ॲल्युमिनियमसाठी २.७० घ्या.

आयएसओ ९२२३ या मानकात साध्या पोलादाच्या पहिल्या वर्षाच्या झिजेवरून हवेचे वर्ग पाडले आहेत: ५० ते ८० मायक्रॉन म्हणजे सी४, ८० ते २०० म्हणजे सी५, आणि २०० ते ७०० म्हणजे सीएक्स. पण वरचा ८९ हा आकडा चार महिन्यांच्या पावसाळ्यावरून वर्षाला ताणलेला आहे. तो घेऊन 'आमचा गाव सी५' असं लिहू नका. वर्गासाठी पूर्ण वर्षाच्या पट्ट्या हव्यात, आणि त्या तुम्ही लावलेल्या आहेतच.

आणखी एक मर्यादा. वजनघट म्हणजे सगळ्या पृष्ठभागाची सरासरी. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम समुद्राच्या पाण्यात सरसकट झिजत नाहीत, त्यांना बारीक खोल खड्डे पडतात. पट्टी आरपार भोकाळली तरी वजन जेमतेम कमी झालेलं असतं. अशा धातूंसाठी डेप्थ गेजने सर्वांत खोल खड्डे मोजा आणि वजनाच्या शेजारी लिहा.

टप्पा ६: उष्णतेने जाणारा ओलावा

भाताचं तूस, करवंटी, काथ्याचा भुसा जळण म्हणून विकत घेताना ओलाव्याचे पैसे दिले जातात, म्हणून ही मोजणी कामाची.

रिकामी मूस (नमुना तापवायची वाटी) आधी तापवून, थंड करून तिचं वजन घ्या. नमुना २ ग्रॅमच्या आसपास घाला. १०५ अंशांवर ठेवा, डेसिकेटरमध्ये थंड करा, वजन करा, पुन्हा तासभर ओव्हनमध्ये ठेवा. लागोपाठच्या दोन वजनांत एक-दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक नसला की झालं. 'तीन तास ठेवलं' हा पुरावा नव्हे.

गरम मूस काट्यावर ठेवू नका. तिच्याभोवतीची तापलेली हवा वर चढते आणि वजन कमी दाखवते. वाळलेला नमुना उघडाही ठेवू नका, तूस आणि कोळसा पावसाळी हवेतून पाणी परत ओढतात.

काजूच्या टरफलांना ही पद्धत जशीच्या तशी लावता येत नाही. त्यांत तेल असतं, आणि तापवल्यावर जाणारं सगळंच पाणी नसतं. ते तेल कातडी भाजतं आणि धूर डोळ्यांना लागतो, त्यामुळे मोजे आणि हवेशीर जागा इथेही हवीच.

टप्पा ७: जाळून उरणारी राख

वाळवलेली तीच मूस मफल फर्नेसमध्ये (बंद विजेच्या भट्टीत) भट्टी थंड असतानाच ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात २५० अंशांपर्यंत न्या आणि तासभर तिथेच ठेवा. मग ५५० अंशांवर नेऊन दोन तास ठेवा. घाई केली तर नमुना एकदम पेटतो आणि कण उडून जातात. तुसाच्या बाबतीत तर राखेतली वाळू वितळल्यासारखी होऊन कार्बन आत कोंडते. राख काळी दिसली तर जळणं अपुरं आहे, पुन्हा भट्टीत घाला. दगडी कोळशासाठी तापमान वेगळं आहे, ८१५ अंश.

उदाहरण: ओला नमुना २.००० ग्रॅम, वाळल्यावर १.८२०, राख ०.३२८. ओलावा ९ टक्के. राख ओल्या वजनावर १६.४ टक्के आणि कोरड्या वजनावर १८.० टक्के. कुठल्या वजनावर, ते न लिहिता राखेचा आकडा देऊ नये. एकाच तुसाबद्दल दोन गिरण्या वेगवेगळे आकडे सांगतात तेव्हा पुष्कळदा भानगड एवढीच असते.

धातू जाळताना मात्र हिशेब उलटा चालतो. स्टील वूल पूर्ण जळून मॅग्नेटाइट (लोखंडाचं काळं ऑक्साइड) झालं तर वजन सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतं. तापवलेल्या लोखंडाची घट हवी असेल तर खपली उतरवूनच वजन करावं लागतं, टप्पा ४ प्रमाणे.

टप्पा ८: शिंपल्यांचा चुना

चुनाभट्टीसाठी आलेले शिंपले किती चांगले हे वजनघटीवरून कळतं. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या १०० ग्रॅममधून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जातो आणि ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो.

शिंपले गोड्या पाण्याने मीठ जाईपर्यंत धुवा, १०५ अंशांवर वाळवा आणि पूड करा. अख्खे तुकडे तापल्यावर तडतडून मुशीबाहेर उडतात, म्हणून पूड असली तरी झाकण ठेवाच. ९०० ते ९५० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत तापवा.

सोबत एका मुशीत प्रयोगशाळेतलं शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट २.००० ग्रॅम ठेवा. त्यातून १.१२ ग्रॅमच्या आसपास उरलं तर भट्टी आणि काटा दोन्ही ठीक. त्याहून जास्त उरलं तर एक तर तापमान कमी पडलं, किंवा चुन्याने वजन होईपर्यंत हवेतलं पाणी आणि वायू परत घेतला. कळीचा चुना हे फार झपाट्याने करतो, तेव्हा डेसिकेटरमधून काढल्यावर मिनिटभरात वजन झालं पाहिजे.

शुद्ध नमुना बरोबर येऊन शिंपल्यांची घट ४४ टक्क्यांहून जास्त आली तर त्यांत ओल किंवा मांसाचे अवशेष राहिले होते. कमी आली तर वाळू आहे. उरलेला चुना विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. वाळू तळाशी राहील, ती गाळून, वाळवून वेगळी तोला.